जनावरांची वही

४ फेब्रुवारी
बढती! आजपासून ड्रिलचे पाइप उचलायचे नाहीत. कंपनीला इथे खाण हवी आहे, पण काही लोकांनी कोर्टात दावा लावलाय. म्हणून जंगलात जनावरं किती, ते कंपनीने लिहून द्यायचं. टोळीत लिहिता येणारा मी एकटाच. मुकादमाने वही दिली आणि सांगितलं, रोज फिरायचं, रोज लिहायचं — 'काही नाही'.

५ फेब्रुवारी
काही नाही.

९ फेब्रुवारी
पाच दिवस तेच दोन शब्द. हात शिवशिवतो. आज अस्वल दिसलं, पाठीवर दोन पिल्लं. लिहून टाकलं. वाचतंय कोण!

२ मार्च
वही भरत आली. पाणवठ्यावर पाणमांजरं सात. एक लंगडं, पण सगळ्यांवर दादागिरी त्याचीच. तेही लिहिलं.
दगडांची पारख करणारे साहेब तंबूत आले. वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वहीवर वजन म्हणून ठेवलेला माझा काळा दगड उचलला. चक्क जीभ लावली! कुठला म्हणाले. म्हटलं, आमच्या घरामागच्या टेकडीचा. घरी आई एकटी, बाकी 'इथे काही नाही' म्हणत तर पळालो. साहेब हसले. दगड त्यांच्या खिशात गेला.

१९ मार्च
मुकादमाने वही न उघडताच शिक्का मारून कोर्टात पाठवली. आत काय आहे ते मला पाठ आहे, म्हणाला.

११ जुलै
निकाल लागला. समोरच्या वकीलबाईंनी आमचीच वही कोर्टात पानन्‌पान वाचली. अस्वलाचं पान न्यायाधीशांनी दोनदा वाचायला लावलं म्हणे. खाणीला कायमची मनाई, जंगल राखीव!
मुकादम म्हणाला, "लेका, तुला तिसरीतच शाळेतून का काढलं, ते आज कळलं."
बावीस जणांचं काम गेलं, त्यात माझंही. कोणी बोलत नाही माझ्याशी. मी मात्र आतून फुगलोय. माझं अक्षर, आणि कायदा!

१४ जुलै
ट्रंक भरली. दगड परत मिळालाच नाही. साहेब आठवड्यापूर्वीच पुढच्या जागेवर गेलेत.

१६ जुलै
आईचा फोन. एक साहेब आलेत, तुझा दगड द्यायला एवढ्या लांब, किती सज्जन माणूस, म्हणाली. सकाळपासून टेकडीवरच आहेत, माणसं घेऊन. तिथे जनावरं असतात का, विचारत होते.
"मी सांगितलं, काही नाही. तूच म्हणायचास ना?"