अर्थ नको, तिचं बोलणं द्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज जव्हारला तालुक्याच्या शिक्षकांचं प्रशिक्षण. विषय: मुलावर अत्याचार होतोय किंवा त्याची हेळसांड होतेय अशी शंका आली तर शाळेतल्या माणसाचं कायदेशीर कर्तव्य. वीस मिनिटं दिली होती, चाळीस बोललो. कुणी घड्याळ पाहिलं नाही! आधीच्या वक्त्यानं नियम वाचून दाखवले तेव्हा निम्मे मोबाइलवर होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चोवीस तास. शंका आल्यापासून चोवीस तासांत कळवायचं. शिक्षकानं, शिपायानं, खिचडी शिजवणाऱ्या ताईनं. खात्री झाल्यावर नव्हे, शंका आल्यावर!" मोबाइल खाली गेले.
सूर्यमाळकडच्या पाड्यावरच्या शाळेतला एक तरुण मास्तर उठला. "सर, शंका खोटी ठरली तर?"
"तर पेढे वाट. मूल सुखरूप आहे, एवढंच सिद्ध झालं ना?"
टाळ्या. बाहेर चहाला दहाजण भोवती. अंगात वारं भरल्यासारखं वाटत होतं.
संध्याकाळी आठवीतल्या मुलीची वक्तृत्वाची तालीम. जिल्हा स्पर्धा ५ डिसेंबरला. (तिचं नाव लिहीत नाही. दुपारी दोनशे जणांना तेच सांगितलं, मग मलाही लागू. 'कु.' म्हणेन.) आवाज असा की माइक नसला तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण शेवटच्या परिच्छेदाला डावा हात वर जायचा तो जाईना. तीनदा ओरडलो. "नाय उचलत सर." आळशीपणा, दुसरं काय.

१९ नोव्हें., बुध.
आळशीपणा!! माझ्या डोळ्यांना काय झालं होतं?
आज दुपारीच तालीम घेतली. आजही हात वर जाईना. बाटलीचं झाकण तिनं दातांनी उघडलं तेव्हा नीट पाहिलं. कोपराला सूज, खाली निळं. "पडलीस?" "हो." मग बऱ्याच वेळानं "नाय." मग वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडमचं नाव.
मी विचारत सुटलो. कधी, कशानं, आधीही झालं का. काल स्टेजवरून सांगितलं होतं की आपण तपास अधिकारी नाही, एकदा ऐकायचं आणि कळवायचं. भान कुठलं राहायला. लेकरू खाली बघून बोललं, मध्ये मध्ये थांबत. आणि अधीक्षिका मॅडम कोण? तिला रोज तालमीला आणून सोडणाऱ्या. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या.
मु.अ. म्हणाले, "अहो सर, आधी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला विचारू. खात्री करू. बाई चांगल्या आहेत."
"खात्री करणं आपलं कामच नाही साहेब! कळवणं आपलं काम."
"नाव शाळेचं जाईल."
"जाऊ दे."
पाच वाजता पोलीस ठाण्यात पत्र दिलं. प्रत बालकल्याण समितीला. अडीच पानं, एकटाकी! इतकं नेमकं आणि जळजळीत क्वचित उतरलंय माझ्या हातून. देण्याआधी घरी हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "छान झालंय. पण ती असं बोलते?"
मी घाईत होतो.

२० नोव्हें.
सरकारी दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला. कोपराजवळ हाडाला बारीक चीर. डॉक्टर म्हणाले, पडूनही होतं, मुरगळूनही होतं, तपास सांगेल. समितीनं फोनवरच सांगितलं, सुनावणीपर्यंत मुलगी जामसरला मावशीकडे राहील. चोवीस तासांच्या आत मूल त्या इमारतीबाहेर! कायद्याला हात जोडावेसे वाटले.
बाजारात अधीक्षिका मॅडम समोर आल्या. ओरडल्या नाहीत. "सर, तुम्ही? ती धुण्याच्या दगडावरून पडली. रजिस्टरला नोंद आहे. मला एकदा विचारलं तरी असतं." डोळे भरले होते. चाळीस मुली, एकटी बाई, पगार सहा महिन्यांनी. मला वाईट वाटलं, आणि तरी मी कळवलं ते बरोबरच. दोन्ही खरं आहे.

२२ नोव्हें., शनि.
पोलीस ठाण्यातून बोलावणं. महिला फौजदार, तरुण, शांत. माझा कागद समोर. मोठ्यानं वाचायला लागल्या.
"'माझ्या बालपणाच्या कोवळ्या कळीवर ज्यांनी मायेचं शिंपण करायचं, त्यांच्याच हातून निखारे बरसले.' हे मुलगी बोलली?"
"अर्थ तोच."
"अर्थ नको सर. तिचं बोलणं द्या."
त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली.
"अवतरणचिन्हांत तुम्ही लिहिलंय ना? मुलगी म्हणाली, असं."
मग त्यांनी दुसरा कागद सरकवला. संस्थेचा खुलासा. सोबत जोडलेलं गेल्या वर्षीचं कु.चं बक्षीसपात्र भाषण, शाळेच्या वार्षिक अंकात छापलेलं. विषय पर्यावरण. चौथ्या ओळीत कोवळी कळी, पाचव्यात निखारे. माझंच लिखाण, दुसरं कुणाचं असणार! खुलाशात एकच वाक्य: सदर मुलीस शिक्षकांनी लिहून दिलेले पाठ करून बोलण्याची सवय आहे.
बस. एवढ्यावर पोरगी खोटी.
"सुनावणी शुक्रवारी पालघरला," फौजदारबाई म्हणाल्या. "समितीला विश्वास बसला नाही तर ती परत त्याच वसतिगृहात जाईल. दुसरीकडे वर्षाच्या मध्ये जागा नाही."

२३ नोव्हें.
रविवार. जेवलो नाही. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं वाटतंय. अंगात सगळी वाफ आहे आणि ती कुणावर काढायची हे कळत नाही.
ठरलं. दुसरं पत्र द्यायचं. पहिल्या पत्रातली भाषा माझी. ती जे बोलली ते असं असं. लिहायला बसलो आणि आठवेना! चार दिवसांपूर्वीचं! ती बोलत होती तेव्हाच माझे कान तिचं वाक्य सरळ करत होते. "सांडलां"चं "सांडलं", "मंग"चं "मग". पोशेऱ्याचा मी, माझी बोलीही तीच. सातवीत स्पर्धेला गेलो तेव्हा परीक्षक हसले होते माझ्या "आलां-गेलां"ला. तेव्हापासून जे खरवडायला लागलो ते दुसऱ्यांच्या पोरांचंही खरवडतोय.
संध्याकाळपर्यंत तीन वाक्यं सापडली.
"पीठ सांडलां."
"बाईनी हात मागं मुरगळला."
"मंग कोठीचां दार लावलां."
दारानंतर ती आणखी एक काहीतरी बोलली होती. ते आठवत नाही. तसंच लिहिलं: चौथे वाक्य मला आठवत नाही. विशेषण एक नाही.
ही म्हणाली, "आता ती वाटते."

२४ नोव्हें., सोम.
पत्र दिलं. फौजदारबाईंनी दोनदा वाचलं. "असं आधी कुणी दिलं नव्हतं मला." चांगलं की वाईट, बोलल्या नाहीत.
मु.अ.: "स्वतःच कबूल केलंत की पहिलं पत्र बनावट! संपलं प्रकरण. आता तरी शांत बसा."
"बनावट नाही साहेब. सजवलेलं."
"कोर्टात फरक सांगा त्यातला."
हा माणूस कधी कधी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. राग आला आणि हसूही.

२६ नोव्हें., बुध.
कु.चे वडील भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून आले. दिवाळीनंतर दोघं नवराबायको तिकडेच असतात. शाळेच्या व्हरांड्यात उकिडवे बसले, खुर्ची नको म्हणाले.
"सर, त्या होस्टेलात मी पोरीला परत नाय टाकनार. सेठ बोला, लडकी को भी लेके आओ, काम है. मी तिला भट्टीवर नेन."
"आणि शाळा?"
"हात तुटला तर शाळा काय कामाची?"
म्हणजे शुक्रवारी तिचं खरं मानलं गेलं नाही, तर आठवीतच शिक्षण संपलं. वसतिगृह किंवा भट्टी. मानलं गेलं, तर समिती दुसरीकडे सोय करायचा आदेश काढू शकते, मग जागा असो नसो, करावी लागते. सगळं तिच्या बोलण्यावर.
मग ते जवळ सरकले. "सर, तिला सांगा ना कायी. कसां बोलायचां तां. तुमी शिकवलां का ती जिंकते."
खरंच जिंकते. तीन मिनिटं तयार करून द्यायला मला एक दुपार पुरे. समितीच्या बायका रडतील अशी तीन मिनिटं!
"नाही," म्हणालो. "एक शब्दही शिकवणार नाही."
"मंग तुमी कशाला हाव?"
एवढं अवघड मला आजवर कुठल्याही सभेत कुणी विचारलेलं नाही.

२७ नोव्हें.
आज दिवसभर जामसरला जायची ऊर्मी दाबली. दोनदा गाडीला किल्ली लावली. हिनं किल्ली घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवली.

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळच्या एसटीनं पालघर. कु., मावशी, वडील, मी. हात गळ्यात बांधलेला. विक्रमगड मागे पडल्यावर ती वळली. "सर, सुरुवात काय करू?"
"झालं ते सांग."
"आनि शेवट?"
मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवट नसलेलं भाषण मी तिला कधी दिलेलं नाही.
कार्यालयाच्या दारात समितीच्या एक वयस्कर सदस्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर. वडीलही बाहेर. फक्त ती." दार लागलं. दाराला कान लावला, लाज नाही सांगायला. काहीच ऐकू येईना! शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तोच आवाज, आणि एका लाकडी दाराबाहेर येत नाही. अधीक्षिका मॅडम समोरच्या बाकावर, संस्थेच्या माणसासोबत. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली.
पाऊण तास. एवढा वेळ ती काय बोलत असेल? तीनच तर वाक्यं! की ते चौथं?
दार उघडलं. सदस्याबाई म्हणाल्या, "आदेश सोमवारी."
"तिनं सगळं सांगितलं का?"
"ते तुम्हाला सांगता येत नाही सर. तुम्हीच शिकवता ना हे लोकांना?"
परतीच्या गाडीत वडील झोपले. मी विचारणार नाही असं ठरवलं होतं आणि विचारलं नाही. जव्हारला उतरल्यावर तीच म्हणाली, "सर, मी तुमच्या भाषनासारखी नाय बोलली. थांबत थांबत बोलली. मधी किती येळ गप्पच होती."
"मग?"
"मंग त्या बाई पन गप्प बसल्या. मी परत बोलेपर्यंत."
मावशीनं जामसरच्या जीपला हात केला. ती पुढच्या सीटवर बसली, दुखरा हात खिडकीकडे.
आज शुक्रवार. आदेश सोमवारी.