कॅपांवरचं कुंकू

बाबा,

आज देवघरातला कुंकवाचा करंडा घासताना बोटं लाल झाली आणि मी हात न धुता तशीच बसून राहिले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. हे त्याआधीच सांगायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात मी आठवीत होते, वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमधून घरी सेलूला सुट्टीवर आले होते. तुम्ही घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन धूर ओकायचं, आणि मिस्त्रीकडे न नेता तुम्ही ते घरीच उघडायचं ठरवलंत. आयुष्यात पहिल्यांदा. अंगणात निंबाखाली ताडपत्रीवर सुटे भाग मांडलेले आहेत, तुम्ही बनियनवर उकिडवे बसला आहात, आणि मी पाटावर बसून इंग्रजी माहितीपुस्तक वाचून तुम्हाला मराठीत सांगते आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही म्हणता, "माही पोरगी वाचते, मी फक्त नट सोडतो."

पिस्टनच्या तीन दांड्यांना खालून धरणाऱ्या तीन लोखंडी कॅपा होत्या. ज्या दांडीची कॅप तिलाच परत बसली पाहिजे, हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं. वरचे आकडे झिजून गेले होते, म्हणून तुम्ही आईचा करंडा मागवला आणि दांडीवर अन् तिच्या कॅपेवर अंगठ्यानं सारख्या टिकल्या लावल्या. पहिल्या जोडीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"अवो, इंजिनाचं लगन लावून राह्यले का?" आई चुलीपासून ओरडली.

"लगनच आहे. जोड्या चुकल्या तर संसार मोडते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कॅपा धुवायला दिल्या. "एकेक धुजो. पुसजो, टिकल्या लावजो, मंगच दुसरी घेजो." तुम्ही वावरात गेलात. मला सिस्टरांनी स्वच्छतेचं वेड लावलेलं. तिन्ही एकदमच रॉकेलच्या घमेल्यात टाकल्या, ब्रशनं चकचकीत केल्या, आणि पाहते तर तिन्ही सारख्याच. टिकल्या धुऊन गेल्या होत्या; कुठली कोणत्या दांडीची, कळेना. मग करंगळीनं, अंदाजानं, टिकल्या लावल्या.

"बारीक लावल्या तुनं," संध्याकाळी तुम्ही हसून म्हणालात. जोडल्यावर इंजिन हातानं जड फिरत होतं. "नवं बेअरिंग आहे, होईन मोकळं." तेव्हाही सांगता आलं असतं.

तीन दिवस ट्रॅक्टर चालला. चौथ्या दिवशी खडखडला आणि वावराच्या मधोमध जाम झाला. मिस्त्रीनं इंजिन उघडलं तेव्हा गावातले चारपाच जण भोवती उभे होते.

"कॅपा अदलाबदल झाल्या, भाऊ. काऊन घरी खोलता? हे का कापसाची गंजी आहे?"

सगळे हसले. तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणालात, "टिकल्या मीच लावलत्या. माहंच चुकलं." मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तुम्ही वळून पाहिलं नाही.

ट्रॅक्टर भंगारात गेला, पुन्हा बैल आले. बाजारात लोक तुम्हाला इंजिनेर साहेब म्हणायचे, तुम्हीही त्यांच्यासोबत हसायचात. पण पान्यांची पेटी तुम्ही परत उघडली नाही. सायकलची उतरलेली चेनसुद्धा दुसऱ्याकडून बसवून घ्यायचात. आणि पुढच्या सुट्टीत बँकेचा इंग्रजी कागद आला तर तो पहिल्यासारखाच, लोकांसमोर, माझ्याच हातात दिलात.

भीतीनं गप्प राहिले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. भीती होतीच. पण त्या बारीक टिकल्या कोणाच्या हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही कळत होतं. हे पत्र आता घडी करून करंड्याखाली ठेवते. तुम्ही दोष स्वतःवर घेतलात, तेव्हा मला वाईट वाटलं नाही, बाबा. हायसं वाटलं. इतकं, की मी सगळ्यांना चहा दिला आणि ते माझ्या तोंडावर तुम्हाला दिसेल म्हणून तुमचा कप तसाच आत घेऊन गेले.