उरलेला लेप

२१ जुलै

बाबांच्या होडीच्या तळाला लेप दिला एकदाचा! साठी उलटली, खांदा उचलत नाही, तरी दर पावसाळ्यात तळाला चिकटलेले शिंपले खरवडत बसतात. आता बास. केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक टोकाने मी प्रयोगशाळेत तीन वर्षं हेच मोजतेय — काय कशाला किती चिकटतं. या लेपाला काहीच चिकटत नाही. बाबा म्हणाले, "शिंपल्यांका बसाक जागाच ठेवूक नाय गो तू!"

सरांना न विचारता आणलाय डबा. बघू.

२२ जुलै

अर्धा डबा उरला. पडवीत ठेवला. दुपारी कणकवलीहून पुण्याची एसटी.

२ सप्टेंबर

आईचा फोन. महिनाभर होडी खाडीत उभी, पण तळ स्वच्छ! बाबा तोंडवली गावभर सांगत सुटलेत — "माझ्या चेडवाचो लेप!" मी दिवसभर हवेत.

१४ सप्टेंबर

बाबा गेले.

१६ सप्टेंबर

होडीवर बाबांसोबत बाळाकाका होते. माझ्याकडे नीट बघतसुद्धा नाहीत. "जाळा ओढी होतो, पाय सुटलो. डोक्याक होडयेचो काठ लागलो नि पाण्यात." एवढंच बोलले.

होडीत चप्पल घालून चढायचं नाही, ही आमची रीत. चाळीस वर्षं बाबा अनवाणी. वादळात नाही घसरले, आणि शांत समुद्रात?

१७ सप्टेंबर

होडीत जाऊन आले. जाळं ओढताना बाबा ज्या फळीवर उभे राहत ती चमकत होती. ओलं बोट टेकवलं — सटकलं! माझाच लेप. उरलेला बाबांनी इथे लावला असणार. फळीला लावू नका, असं मी सांगितलं होतं का? नाही सांगितलं!

माझ्या वहीत काचेचे आकडे आहेत, शिंपल्याचे आहेत, खाऱ्या पाण्याचे आहेत. ओल्या पावलाचा एकही नाही. मी मारलं त्यांना. उद्या आईला सगळं सांगणार. मग ती काय म्हणेल ते म्हणो.

१८ सप्टेंबर

आईसमोर बसले. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "फळयेवर माशाची खवळां सुकान त्येंच्या पायाक टोचत. गणपती गेल्यार उरललो लेप मियाच लायलंय, दोन हात. एकव खवळ चिकटाक नाय बघ. चार दिस तरी पायाक सुख गावला त्येंका."

मी म्हटलं, "बरा केलंस, आये."