वाघोबाला दाखवलेला हात

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी (महसूल),
घोळपेठ उपविभाग, घोळपेठ.

अर्जदार : दिलीप कोंडाजी लोहकरे, वय ७२, निवृत्त ग्रंथपाल.
कायमचा पत्ता : सावरवाडी, मौजे हिरडेघोळ.
सध्याचा मुक्काम : द्वारा अंबरीश दिलीप लोहकरे (मुलगा), आल्मेरे, नेदरलँड्स.

विषय : वाघोबाचे पठार पवनचक्की कंपनीस तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याच्या ठरावात मला अनुमोदक दाखवल्याबद्दल हरकत.

संदर्भ : १) हिरडेघोळ ग्रामसभेचे दि. १४ सप्टेंबर २०२५ चे इतिवृत्त. २) हरकती मागवणारी आपल्या कार्यालयाची जाहीर नोटीस.

महोदय,

१. मी महादेव कोळी समाजाचा असून हिरडेघोळच्या ग्रामसभेचा सदस्य आहे. नोकरीची सर्व वर्षे तालुक्याच्या वाचनालयात गेली. तेथे ‘शांतता राखा’ हा फलक मीच रंगवून लावला होता आणि तो सर्वांत जास्त मीच पाळला. सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. अधिकाऱ्यांना हरकतीचा अर्जही यापूर्वी कधी केलेला नाही. त्यामुळे कोठे अधिकउणे लिहिले गेल्यास क्षमा असावी. हा अर्ज करावा की नाही याविषयी माझ्या मनात बरेच दिवस शंका होती. आता ती राहिलेली नाही. मजकुराविषयी मात्र आहे.

२. मुलाच्या आग्रहावरून मी ऑगस्टअखेर तीन महिन्यांच्या व्हिसावर येथे आलो. पठाराच्या ठरावासाठी ग्रामसभा बोलावल्याचे कळल्यावर मी ग्रामसेवक श्री. नरेंद्र यांना फोन केला. “काका, व्हिडिओवर या, तीही हजेरीच धरतो,” असे ते म्हणाले. त्यांच्याविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. ते बाहेरगावचे आहेत, नवीन आहेत आणि बोलायला गोड आहेत. सभा वाघोबाच्या दगडापुढे पठारावर भरली होती. माझे चुलतबंधू बाळासाहेब यांची सून स्वानंदी हिने माझ्यासाठी मोबाइल धरला होता. तेथे धुके होते. येथे मी मुलाच्या जेवणाच्या टेबलाशी, धुतलेला सदरा घालून बसलो होतो.

३. पुढील मजकूर कळण्यासाठी आमच्या गावाची रीत सांगणे भाग आहे. पठाराचा कोणताही प्रश्न वाघोबापुढे बसून ठरतो. गावातला वडीलधारा प्रश्न मांडतो. ज्याला तो मान्य असेल त्याने बसल्या जागचा खडा उचलायचा, उठायचे आणि खडा वाघोबापुढे ठेवायचा. ज्याला मान्य नसेल त्याने बसून राहायचे. तोंडाने ‘नाही’ म्हणायचे नाही. देवासमोर भावकीला तोंडावर नाकारले की ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते, म्हणून जुन्या माणसांनी ही वाट काढली. एक जण जरी बसलेला राहिला तरी प्रश्न सुटत नाही. मग उठलेल्यांनी बसलेल्याच्या घरी जायचे, त्याच्या हातची भाकरी खायची आणि ताट धुतल्यावर विचारायचे, “बाबा, का बसलास?” तो कारण सांगतो. ते ऐकून सभा पुन्हा भरते. कधी बसलेला उठतो, कधी उठलेले पुन्हा बसतात. यात वेळ जातो हे मान्य आहे. पठार मात्र अजून जागेवर आहे.

४. त्या दिवशी श्री. नरेंद्र यांनी ठराव वाचला आणि विचारले, “कोणाची हरकत?” कोणी बोलले नाही. काही जण उठले, त्यांनी खडे ठेवले. बहुतेक लोक बसून राहिले. बाळासाहेब बसले होते, स्वानंदी मोबाइलसह बसली होती आणि मीही माझ्या खुर्चीवर बसून होतो. हिरडेघोळच्या कोणत्याही लहान मुलाला त्या शांततेचा अर्थ सांगता आला असता. श्री. नरेंद्र यांनी तो असा लिहिला : ‘कोणीही हरकत घेतली नाही.’

५. यानंतर जे घडले ते लिहिताना मला संकोच वाटतो. श्री. नरेंद्र यांनी “अनुमोदन कोणाचे?” असे विचारले. त्याच वेळी, मला दर्शन व्हावे अशा चांगल्या हेतूने, स्वानंदीने मोबाइल वाघोबाकडे वळवला. आमच्यात वाघोबा दिसला की उजवा पंजा उघडून त्याला दाखवतात. हात रिकामा आहे, कोयता आणलेला नाही, तुझ्या रानात मी तोडायला आलो नाही, असा त्याचा अर्थ. हे आम्ही चालायला लागण्याआधी शिकतो, आणि एकदा शिकलेला हात विचारून वर जात नाही. माझाही गेला. त्यासरशी पडद्यावर माझ्या चेहऱ्याशेजारी एक पिवळा हात उमटला. श्री. नरेंद्र आनंदाने म्हणाले, “हे बघा, हॉलंडच्या काकांचं अनुमोदन आलं.” मी आवाजाचे बटण शोधू लागलो. ते सापडेपर्यंत पठारावरची रेंज गेली होती. रेंज राहिली असती तरी मी काही बोललो असतो का, याची खात्री मी आपणास देऊ शकत नाही.

६. माझी सून सौ. श्रुती ही येथून जवळच्या स्लोटरडाइक भागातील एका कार्यालयात संगणकाच्या प्रणालीतील दोष शोधण्याचे काम करते. तिने घरच्या लॅपटॉपसमोर मला पुन्हा वाघोबाला हात दाखवायला सांगितले. वाघोबाशिवाय हात उचलेना, म्हणून तिने त्याचा फोटो समोर लावला. पिवळा हात उमटला. मी अंबरीशला निरोप देण्यासाठी पंजा हलवला तेव्हा उमटला. भिंतीवरच्या घड्याळावरची धूळ झटकताना उमटला. कॅमेऱ्यासमोर उघडा पंजा आला की बोलण्याची परवानगी मागणारे चिन्ह आपोआप लागते, असे तिने लेखी दिले आहे. म्हणजे यंत्राच्याही मते मी फक्त बोलू इच्छित होतो. होकाराचा शोध श्री. नरेंद्र यांचा आहे.

७. इतिवृत्तात आज असे वाक्य आहे : ‘नेदरलँड्सस्थित ज्येष्ठ सदस्य श्री. लोहकरे यांनी हात वर करून अनुमोदन दिले. ठराव सर्वानुमते मंजूर.’ हे वाक्य सूचनाफलकावर लागले त्याच दिवशी बाळासाहेबांचा फोन आला. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि त्यांनीच मला त्या पठारावर गुरे राखायला शिकवले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण माझ्या नुकसानीचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. “दिलप्या, एवढी बुकं वाचलीस, आन् भावकी बसल्याली दिसली न्हाय तुला? उठलास ना तू? मंग ये आता जेवायला. माझ्याकडं ये, भिकाकडं ये, समद्या बसल्याल्यांकडं ये. बघू किती भाकरी खातोस.” मी म्हणालो, “दादा, मी उठलोच नाही.” ते म्हणाले, “कागद सांगतोय.” त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत. पठार जाईल ते सर्वांचे जाईल. माझी भावकी मात्र त्या एका वाक्याने आजच गेली आहे.

८. माझा पवनचक्क्यांना विरोध आहे असे कृपया समजू नये. येथे मुलाच्या खिडकीतून त्या दिसतात आणि सकाळचा चहा मी त्यांच्याकडे पाहतच घेतो. अंबरीशने विचारलेही, “बाबा, इथल्या आवडतात, मग तिथल्या का नको?” मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही, ते आपणास देतो. आल्मेरेची जमीन माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. मी शाळेत होतो तेव्हा येथे पाणी होते. ते उपसून माणसांनी ती बनवली. तिच्यावर काय उभारायचे हे तिला बनवणारे ठरवतात, त्यात मी बोलणारा कोण? वाघोबाचे पठार आम्ही बनवलेले नाही. तेथे आमची गुरे चरतात, हिरडा आहे, पहिल्या पावसानंतर अळंबी येतात आणि पलीकडच्या तीन वाड्यांची वाट त्यावरून जाते. कंपनीच्या नकाशात या सर्वांभोवती कुंपण आहे आणि वाघोबा कुंपणाच्या आत आहे. उद्या त्याला रिकामा हात दाखवायला आम्हाला फाटकावर पास दाखवावा लागेल. कदाचित हे सर्व सांगून, समजावून, कुंपण हलवून, लोक उठलेही असते. तसे विचारायला कोणी जेवायला आले नाही.

९. येथील एक अनुभव नमूद करण्याची परवानगी असावी. मुलाच्या इमारतीतील घरमालकांची सभा झाली. गच्ची एका मोबाइल कंपनीला ॲन्टेनासाठी भाड्याने द्यावी का, असा प्रश्न होता. मी मागच्या खुर्चीवर पाहुणा म्हणून बसलो होतो. अध्यक्षांनी बाजूचे हात मोजले, विरोधी हात मोजले आणि जे गप्प राहिले त्यांना वेगळे मोजले. तळमजल्यावरच्या एक वृद्ध बाई गप्प होत्या. त्यांच्या नावापुढे होकार लिहिला नाही. सभा संपल्यावर मी अंबरीशमार्फत अध्यक्षांकडून त्याची खात्री करून घेतली, तेव्हा त्यांना माझ्या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. ज्या देशात मला मत नाही, तेथे माझ्यासारख्या गप्प माणसाला होकारात धरत नाहीत. माझ्या गावात धरले.

१०. श्री. नरेंद्र फोनवर म्हणाले, “काका, नियमात बसणं हे काही मत नाही.” पुस्तकी माणूस असल्याने मी पेसा, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांचा कायदा, काढून पुन्हा वाचला. आपल्या चालीरीती आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे त्यात म्हटले आहे. गप्प बसलेल्याचा होकार धरावा, असे कलम मला सापडले नाही. माझी नजर अधू आहे. आपणास सापडल्यास कळवावे. ‘मौन हीच संमती’ असे एक वचन आहे, हे मला ठाऊक आहे. ते ज्या गावात जन्मले ते हिरडेघोळ नव्हे. आम्हाला अनेक साहेबांनी अनेक गोष्टी विचारल्या आणि आम्ही गप्प राहिलो. त्या प्रत्येक वेळी समोरच्याने आपल्या सोयीचे लिहून घेतले. आमच्या गप्प राहण्याला अर्थ आहे हे कोणीतरी कार्यालयात येऊन सांगायला हवे होते. ते काम माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाकडे आले, याचे मलाच नवल वाटते.

११. सबब विनंती, की अनुमोदक म्हणून लिहिलेले माझे नाव खोडावे आणि त्या जागी ‘श्री. लोहकरे बसलेले होते’ असे लिहावे. इतर बसलेल्यांचीही तशीच नोंद घ्यावी. सभा वाघोबापुढे आमच्या रीतीने पुन्हा भरेपर्यंत भाडेपट्ट्याच्या कागदावर सही करू नये. ‘विनंती’ हा शब्द मी सवयीने वापरला आहे. ही सही झाली तरी माझ्या लेखी ठराव झालेला नसेल, आणि पुढच्या, त्यापुढच्या, जेवढ्या म्हणून सभा होतील त्या प्रत्येक सभेत मी बसलेला असेन. मला दुसरे काही फारसे येत नाही, पण बसणे येते. सारे आयुष्य मी तेच केले आहे.

१२. रीतीप्रमाणे आता पाळी उठलेल्यांची आहे. ठराव ज्यांना मान्य आहे त्या सर्वांनी, म्हणजे श्री. नरेंद्र यांनी, कंपनीच्या साहेबांनी, आणि आपणासही तो मान्य असल्यास आपण, माझ्या घरी जेवायला यावे. नोव्हेंबरअखेरपर्यंत मी आल्मेरेत आहे. नाचणीचे पीठ येथील एका सुरिनामी दुकानात मिळते आणि भाकऱ्या मी स्वतः थापतो, त्या थोड्या जाड होतात. त्यानंतर सावरवाडीस यावे. तेथे येताना बाळासाहेबांच्या दारावरून यावे लागते. आपण माझ्याकडे जेवायला चाललेले त्यांनी पाहिले तर मी उठलो नव्हतो हे त्यांना कळेल, वेगळे पत्र देण्याची गरज नाही.

ताट धुतल्यावर आपण विचारावे. मी कारण सांगेन. तोंडाने सांगेन.

आपला नम्र, आणि अद्याप बसलेला,

(सही)
दिलीप कोंडाजी लोहकरे

आल्मेरे, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. मतदार ओळखपत्राची प्रत.
२. सौ. श्रुती लोहकरे यांचे पिवळ्या हाताविषयीचे लेखी निवेदन, तीन फोटोंसह. (तिसऱ्या फोटोत मी घड्याळ पुसत आहे.)
३. इतिवृत्ताची प्रत, संबंधित वाक्याखाली रेघ मारून.

प्रत माहितीसाठी : श्री. बाळासाहेब लोहकरे, सावरवाडी. (दादा, स्वानंदीकडून मोठ्याने वाचून घ्यावे.)