एकेचाळीस हाका आणि एक कंस

१२ मे

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही. मोठ्या कामांची कुठेतरी नोंद असावी, एवढंच.

अदाउतोकाकांच्या गळ्यातल्या गाठी काढल्या. ऑगस्टपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा डॉक्टरांचा दम. म्हणजे आमच्या 'लाल कणीस' नाचमंडळीला यंदा जूनच्या जत्रेत हाका देणारा नाही. छत्तीस वर्षं काका एकटे हाका देत आलेत. "पाऊस आला!" म्हटलं की चोवीसच्या चोवीस जोड्या गर्रकन मागे फिरतात, "खोटं!" म्हटलं की पुन्हा पुढे. साप निघतो, पूल मोडतो, आणि दर वेळी ते खोटं निघतं. गेल्या वर्षी जत्रेच्या स्पर्धेत बारा मंडळींत दहावे आलो. शेवटच्या दोघांना मोठ्या मैदानातून काढून टाकतात. यंदा एक पायरी घसरलो की संपलं.

सभेत सगळ्यांची तोंडं उतरलेली. माझी धाकटी बहीण इवोनेती म्हणाली, मी देते हाका. मी तिला प्रेमाने गप्प केलं. तिचा आवाज बारीक, शिवाय ती पहिल्या जोडीत नाचते. मग उभा राहून जाहीर केलं, की हाका कॉम्प्युटर देईल आणि प्रोग्राम मी, एरिव्हाल्दो, लिहीन. सभा आदराने स्तब्ध झाली. इवोनेतीच्या मते तो आदर नव्हता.

१५ मे

प्रोग्राम लुआ भाषेत. आपल्याच देशात, रिओत जन्मलेली भाषा असताना परक्यांच्या दारात का जायचं? इवोनेती गेम बनवणाऱ्या कंपनीत रोज लुआ लिहिते. मी पाणीपुरवठा कचेरीत बिलांच्या तक्रारी घेतो. पण डोकं दोघांना एकाच आईने दिलंय.

एका दुपारीत सगळं कळलं. फंक्शन म्हणजे करायचं काम. हे काम दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येतं. मी 'वेळेवर' नावाचं एक फंक्शन केलंय. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, किती सेकंदांनी आणि काय करायचं. पंचाण्णवाव्या सेकंदाला पाऊस. ते काम हा 'वेळेवर' हातात धरून बसतो आणि वेळ झाली की करतो. कचेरीतल्या शिपायापेक्षा बरा.

आणि गंमत म्हणजे या कामाला नाव द्यावंच लागत नाही. जागच्या जागी लिहा आणि द्या. बिननावाचं फंक्शन! मला भरून आलं. हा माझाच स्वभाव आहे. काम करावं, नाव मागू नये.

१९ मे

एकेचाळीस हाका, एकेचाळीस बिननावाची फंक्शनं. काकांच्या जुन्या व्हिडिओवरून स्टॉपवॉच लावून प्रत्येक हाकेची वेळ काढली. पाऊस ते खोटं यात सरासरी नऊ सेकंद. तक्ता भिंतीवर चिकटवला. काका बघायला आले, पाटीवर खडूने काहीतरी लिहायला लागले. मी म्हटलं, काका, आता आराम करा. त्यांनी पाटी पुसली. बिचाऱ्यांना अजून सवय सुटत नाही.

२४ मे

रेकॉर्डिंग. आवाज अर्थात माझा. दुसऱ्या कुणाला त्रास कशाला?

खिडकी उघडी राहिली. मी पहिल्यांदा "पाऊस आला!" म्हणालो आणि शेजारच्या झेफिन्यामावशी वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. आमच्या काम्पिना ग्रांजीसारख्या कोरड्या गावात पावसाची बातमी म्हणजे लग्नाची बातमी. मग मी "खोटं!" म्हणालो. त्यांनी कपडे पुन्हा घातले. असं चार वेळा. मावशी अडुसष्टच्या, उजवा गुडघा कुरकुरतो, शेवटच्या जोडीत नाचतात. पाचव्या वेळी त्यांनी कुंपणावरून निरोप दिला, की एकदा काय ते ठरव, नाहीतर वर येते. मी याला अस्सल आवाजाची पावती समजतो.

१ जून

पहिली तालीम. यश. पूर्ण यश. एकेचाळीसच्या एकेचाळीस हाका सेकंदाला सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, स्वतःकडे नाही.

झेफिन्यामावशी मात्र मागे पडल्या. त्या वळत असतानाच यंत्र "खोटं!" म्हणालं, मग त्या मध्येच अडकल्या आणि पुढच्या जोडीच्या झग्यात गुंतल्या. मी त्यांना तक्ता दाखवून समजावलं, की नऊ सेकंदांत वळायचं. त्या म्हणाल्या, गुडघ्याला सांग. गुडघा माझ्या अखत्यारीत येत नाही.

५ जून

इवोनेतीने प्रोग्राम पाहिला. चूक शोधायला गेलं तर यंत्र म्हणतं, ओळ २१२ वरच्या बिननावाच्या फंक्शनमध्ये गडबड. कुठली हाक, कुणाला पत्ता? तिचं म्हणणं, मोठ्या कामांना नावं दे. मी नकार दिला. म्हटलं, बिननावाचं राहण्यात एक उंची असते. ती म्हणाली, दादा, ते उंचीसाठी नसतं, सोयीसाठी असतं. कंपनीत काम करून माणसं कोरडी होतात.

११ जून

पोस्टर छापून आलं. नाच: लाल कणीस. पोशाख: लुसिनेइदी शिवणकेंद्र. अकॉर्डियन: अमुक, ढोल: तमुक. मक्याची खीर वाटणाऱ्या दोन बायकांचीसुद्धा नावं आहेत. आणि सगळ्यात खाली, हाका: यंत्र.

मला काहीच वाटलं नाही.

११ जून, संध्याकाळी ६

यंत्र!

१३ जून

विचार केला. इवोनेतीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फंक्शनांना नावं हवीत. शेवटी सोयीचा प्रश्न आहे.

नावं ठरली. एरिव्हाल्दोचा पाऊस. एरिव्हाल्दोचा साप. एरिव्हाल्दोचा पूल. एरिव्हाल्दोचं खोटं. मैदानामागे मोठा पडदा असतोच, तेव्हा जी हाक चालू असेल तिचं नाव पडद्यावर झळकेल. प्रेक्षकांच्या सोयीसाठी. सहा हजार प्रेक्षक असतात.

१९ जून

एकेचाळीसही जागी जुनं काढून नवी नावं टाकली. प्रत्येक नावापुढे कंस, उघडा-मिटा. कंसाशिवाय फंक्शन उघडंबोडकं दिसतं. इवोनेती म्हणाली, दाखव एकदा. मी म्हटलं, उद्या मैदानात बघ.

चाचणी घेतली. स्पीकर आधीच गाडीत चढले होते, म्हणून आवाजाविना. प्रोग्राम सुरू होताच लॅपटॉपच्या पडद्यावर सगळी नावं डोळ्याचं पातं लवायच्या आत झर्रकन गेली. एकही चूक नाही म्हणाला. केवढा वेग! नव्या नावांनी यंत्रालाही हुरूप आलेला दिसतो.

२० जून, दुपारी ४

मक्याचा केक, दोन तुकडे. नवा चौकडीचा शर्ट. कुणी नाव विचारलं तर संकोच करायचा, पण सांगायचं.

२० जून, ६.४०

आमचा नंबर सातवा. परीक्षक पाच. काका पहिल्या रांगेत पाटी घेऊन बसलेत. मी त्यांना हात केला. निश्चिंत राहा, अशा अर्थाचा.

२१ जून

काल संध्याकाळबद्दल थोडक्यात.

अकॉर्डियन सुरू झाली. मी बटण दाबलं. आणि त्याच क्षणी, त्याच एका क्षणी, माझे एकेचाळीस आवाज एकदम बाहेर पडले. पाऊस, साप, पूल, खोटं, खोटं, पाऊस, खोटं. आमची माणसं शिस्तीची. ज्याला जी हाक ऐकू आली ती त्याने पाळली. काही मागे फिरली, काहींनी सापाला घाबरून उड्या मारल्या, अठ्ठेचाळीस माणसं एकमेकांवर आदळली आणि नाचातल्या लुटुपुटूच्या नवरीची माळ ढोलवाल्याच्या गळ्यात पडली. मग शांतता. मी पंचाण्णवाव्या सेकंदाची वाट पाहिली. काही नाही. एकशेचारावा. काही नाही. यंत्राचं जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं.

पडद्यावर शेवटचं नाव तेवढं अडकून राहिलं. पंचवीस मिनिटं, सहा हजार माणसांसमोर, दोन मीटर उंच अक्षरांत: एरिव्हाल्दोचं खोटं.

मी टेबलाखाली वायर तपासायला गेलो. वायर तपासायला वेळ लागतो. तिथून जे दिसलं ते असं. काका उठले आणि पाटीवर 'पाऊस' लिहून पहिल्या जोडीसमोर धरली. इवोनेतीने हाक दिली. ढोलाच्या आवाजात ती तिसऱ्या जोडीपलीकडे पोचेना, म्हणून दुसऱ्या जोडीने तीच हाक मागे दिली, तिसरीने चौथीला, आणि ती रांगेतून सरकत सरकत झेफिन्यामावशींपर्यंत गेली. मावशी वळल्या आणि त्यांनी हात वर केला. तेव्हा काकांनी पाटी उलटी केली. मागे 'खोटं' लिहिलं होतं. लोक बाकांवर उभे राहिले. दुसऱ्या पावसाला सगळं मैदान हाक पुढे देत होतं. खरं सांगतो, टेबलाखाली माझ्याही तोंडून निघून गेली.

नंतर इवोनेतीने प्रोग्राम उघडला. मी विजेवर संशय घेतला. ती म्हणाली, "दादा, नुसतं नाव लिहिलं असतंस तर काम हातात दिल्यासारखं झालं असतं. पुढे कंस टाकलास, म्हणजे काम तिथल्या तिथे उरकलंस आणि 'वेळेवर'च्या हातात काहीच दिलं नाहीस. बिननावाची होती तेव्हा सगळी नीट चालत होती रे."

थोडक्यात, कंसाने घात केला.

२२ जून

निकाल. दहावे. अर्ध्या गुणाने वाचलो! मैदान राहिलं! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, मीही पडलो, जो सापडला त्याच्या.

परीक्षकांचा शेरा: सुरुवात अनाकलनीय, जोडीतून जोडीत जाणारी हाक अविस्मरणीय. विचार केला तर यंत्र गप्प बसलं नसतं तर ती हाक निर्माणच झाली नसती. आणि यंत्र गप्प कुणी केलं? मी हे कुणाला बोलून दाखवणार नाही.

२२ जून, नंतर

इवोनेतीला बोलून दाखवलं. तिने माझा लॅपटॉप मिटला आणि आपल्या पिशवीत टाकला.

२९ जून

अदाउतोकाकांकडे गेलो. पामोन्या घेऊन गेलो, मक्याच्या पानातल्या, ऊन ऊन. पुढच्या वर्षीच्या सुधारित यंत्राची कल्पना मांडायची होती.

काकांनी पाटी घेतली. लिहिलं: पाऊस किती वेळ? मी लगेच म्हटलं, नऊ सेकंद. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: झेफिन्या वळेपर्यंत.

मी म्हटलं, ते सरासरी नऊच येतं. त्यांनी पुसून लिहिलं: गुडघा बरा असेल तर सात. थंडी असेल तर चौदा. बघायचं आणि मग म्हणायचं.

माझ्या तक्त्यात थंडीला रकाना नाही. मावशींना तर नाहीच. एकोणीस मे रोजी ते पाटीवर काय लिहीत होते, हे मी आज विचारलं. हेच, म्हणाले. म्हणजे लिहिलं.

मला लाज वाटली. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. पामोन्या तिथेच ठेवल्या. दोन सोडून.

६ जुलै

नव्या हंगामाची पहिली तालीम. इवोनेती हाका देणार, असं एकमताने ठरलं. मी विरोध केला नाही, म्हणून एकमताने. काका शेजारी खुर्ची टाकून बसले.

झेफिन्यामावशींचा जोडीदार मुलीकडे जोआव पेसोआला राहायला गेला. माणूस कमी पडत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता मी शेवटच्या जोडीत नाचतो. हे पद दिसतं तितकं सोपं नाही. शिवाय अख्ख्या मंडळीत एकेचाळीस हाका क्रमाने पाठ असलेला मी एकटाच, तेव्हा मावशींना सांभाळून न्यायची जबाबदारी आपोआप माझ्यावर येते.

अकॉर्डियन सुरू झाली. चार पावलं पुढे, चार मागे. आता पाऊस येणार हे मला माहीत होतंच, म्हणून मी रुबाबात मागे फिरलो. समोर नुसती भिंत. अठ्ठेचाळीस माणसांत फिरलेला मी एकटा.

मावशींनी मागून शर्टाची बाही धरली आणि हळूच मला सरळ केलं. "थांब रे बाबा," म्हणाल्या, "तुला अजून बोलावलेलं नाही."