हरकतबाईंच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाविना माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझे डोके ठिकाणावर नाही, असे माझ्या धाकट्या भावाने एकदा चारचौघांत सांगितले होते, म्हणून दाखल्याच्या दोन प्रती जोडल्या आहेत.

१. माझी राहती दोन खोल्यांची जागा व बँकेतील शिल्लक भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, द्यावी.

२. माझा राजकीय ब्लॉग. तो भावाने आणि मी आमच्या पक्षाची बाजू मांडण्यासाठी सुरू केला. लेख माझे, प्रतिक्रियांवर पहारा त्याचा. प्रत्येक लेखावर एक बाई हरकत घ्यायच्या. आम्ही त्यांना हरकतबाईच म्हणत असू. भाऊ त्यांचे लिहिणे दिसताक्षणी पुसून टाकी. मी काणाडोळा केला, हे इथे कबूल करते.

पक्षाने उभारलेल्या जलशुद्धीकरण केंद्राची मी तोंड भरून स्तुती केली, तेव्हा बाईंनी एवढेच लिहिले : "तुम्ही जोडलेला पाणी-तपासणीचा अहवाल केंद्र सुरू होण्याआधीचा आहे. तारीख बघा." भावाने तेही पुसले, पण माझे वाचून झाले होते. मी तारीख पाहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःच्याच लेखात तोंडघशी पडले!

"ती प्रतिक्रिया परत लाव," मी म्हटले.

"ताई, आपल्याच घरात त्यांना बोलू द्यायचं?"

"चूक आपली आहे."

"ती लोकांना कशाला कळायला हवी?"

"पाणी लोकच पितात ना?"

बाईंची ओळ मी लेखाच्या माथ्यावर लावली आणि खाली माझी चूक लिहिली. पक्षाने मला काढून टाकले. भावाने चार वर्षे अबोला धरला. वाचकांनी मात्र फेरतपासणीसाठी धोशा लावला. ती झाली, आणि शाळेकडे जाणाऱ्या नळात सांडपाणी मिसळत असल्याचे उघड झाले. नळ बदलला. त्या शाळेत भाचीची मुलगी शिकत होती.

शेवटी भाऊ दारात आला. "तुझं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण चहा टाक." इतका गोड विजय मला कोणत्याही निवडणुकीत मिळाला नव्हता!

सदर ब्लॉग मी हरकतबाईंच्या नावे करते. त्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात आणि आजही माझे एक वाक्य धड सोडत नाहीत. अट एकच : शिवीगाळ व धमक्या पुसाव्यात, मग त्या कोणाच्याही असोत; मतभेद पुसू नयेत, भावाचेसुद्धा.

३. भावाला माझा शब्दकोश. त्याच्या शुद्धलेखनावरचा राग मी सोबत नेत आहे.

४. पक्षातून काढल्याचे पत्र चौकटीत लावून बैठकीच्या खोलीत टांगावे. त्यातील चार चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत.

५. हे मृत्युपत्र माझ्यामागे ब्लॉगवर प्रसिद्ध करावे. प्रतिक्रिया खुल्या असाव्यात. उत्तर द्यायला मी नसेन, एवढी एकच सवलत विरोधकांना देते.

सही : ताई
साक्षीदार : १. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले २. छापखान्यातील माझी जुनी सहकारी
(लाभार्थी असल्याने हरकतबाई साक्षीदार नाहीत. यावर त्यांची हरकत नोंदवली आहे.)
स्थळ : माझे लिहिण्याचे टेबल
दिनांक : ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा