डीकन खेचराचा लेवीवरचा मान
मु. लेवीवरचा तंबू, मिसिसिपीकाठ

व्हॅश्टी मावशीस एल्झीचा लांबूनच, पण कमरेत वाकून नमस्कार. (लांबून अशासाठी, की तुझा हात चपलेकडे गेलाच असेल.) गुडघे कसे आहेत? माझ्या डीकन खेचराला मला न विचारता नेलंस, त्याला पेरणीआधी परत आण, नाहीतर तोंड दाखवू नकोस, हा तुझा निरोप पोचला. डीकन मजेत आहे. तोच तर घोटाळा आहे.

लेवी म्हणजे काय, असंही तू विचारलंस. नदीला गावात शिरू न देणारा मातीचा बांध, एवढंच मुकादम सांगतो. पण इथं लेवी म्हणजे दिशा (‘लेवीकडे वळ’), लेवी म्हणजे नोकरी (‘पोरगा लेवीवर आहे’), गाईंचं कुरण आणि रविवारी नवे जोडे मिरवायची जागाही. कारकून म्हणतो, पूर्वी राजे सकाळी उठून दाढी करता करता लोकांना भेटत, तीही लेवीच. मुकादम तोंडाला साबण फासून आम्हाला शिव्या घालतो, तेव्हा मला ते पटतं.

तर गुरुवारी नदी फुगलेली, आम्ही मातीच्या खेपा टाकत होतो. चढावर डीकन जो थांबला, तो थांबलाच. ओढला, ढकलला, तुझी शपथ घातली. मुकादम ओरडला (डीकन म्हणजे चर्चचा सेवक, म्हणून तो त्याला पाद्री म्हणतो), “एल्झी, तुझ्या त्या पाद्र्याला हलव, नाहीतर दोघांना नदीत लोटतो!” मी खाली बघतो तर डीकनच्या खुरापाशी पाणी झिरपतंय, आणि तेही गढूळ! (नितळ झिरपलं तर कुणी भीत नाही, गढूळ म्हणजे नदी बांध आतून खातेय.) मी बोंब ठोकली, तीस माणसं धावली, भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचलं. संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं. गाव वाचलं.

आता डीकन इथला संत झालाय. मुकादम त्याला बघून टोपी काढतो (मला बघून नाही). आचारी हातानं मक्याची भाकरी भरवतो. अशा जनावराला कोण सोडेल, तूच सांग.

तुझा,
एल्झी

ता. क. : कुणाला सांगू नकोस. आचाऱ्याची मुलगी ओझेला लेवीखाली धुणं धूत तुझं ते चर्चमधलं गाणं म्हणत होती. ते लागलं की डीकन जागचा हलत नाही, ही खोड तूच लावलीस.

आणखी ता. क. : ते लागलं की मीही हलत नाही. पण तिचे वडील म्हणतात, “पोरीच्या लग्नाचं बोलायला घरचं मोठं माणूस हवं, खेचर चालणार नाही.” तर डीकनला न्यायला म्हणून तूच ये. खेचर न्यायला कुणी चर्चची टोपी घालून येत नाही, हे मला कळतं. तरी घालून ये. पिसाची.